कानाने सोलो बसवणाऱ्यांसाठी ‘ट्रान्सक्राइब!’ : ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या आधारे एक परीक्षण

ध्वनिमुद्रण ऐकून गिटारचा सोलो स्वतः बसवू इच्छिणाऱ्याला आज संगणकावर आणि मोबाइलवर अनेक साधने उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘सेव्हन्थ स्ट्रिंग सॉफ्टवेअर’ या ब्रिटिश संस्थेचे ‘ट्रान्सक्राइब!’ मला सर्वांत उपयुक्त वाटते. ध्वनिफीत दिली की त्यातून तयार नोटेशन काढून देणे हे या सॉफ्टवेअरचे काम नाही, आणि निर्मातेही तसे स्पष्टपणे सांगतात. ऐकणाऱ्याला हवा तो तुकडा हव्या त्या गतीने, हवा तितक्या वेळा आणि शक्य तितका स्वच्छ ऐकवणे एवढेच काम ते पत्करते आणि ते अतिशय चोख करते. स्वर ओळखण्याचे कष्ट आपल्याच कानाला करावे लागतात. कानाने शिकण्याची इच्छा असणाऱ्याला नेमके हेच हवे असते, असे माझे ठाम मत आहे.

अशा साधनाची परीक्षा एखाद्या खऱ्या आणि पुरेशा अवघड कामावरच घ्यायला हवी. त्यासाठी मी ईगल्स या अमेरिकन बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ या गाण्याच्या अखेरचा सोलो निवडला. हा अल्बम ८ डिसेंबर १९७६ रोजी प्रसिद्ध झाला आणि १९७७ च्या मे महिन्यात हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर होते. साडेसहा मिनिटांच्या या गाण्यात गायन संपल्यावर सुमारे ४ मिनिटे २० सेकंदांपासून डॉन फेल्डर आणि जो वॉल्श या दोघांच्या गिटारी सुरू होतात, त्या ध्वनी मावळेपर्यंत थांबत नाहीत. दोन मिनिटांहून अधिक लांबीचा हा भाग संथ आहे, सुरेल आहे, त्यातले बहुतेक स्वर स्पष्ट ऐकू येतात आणि तरीही तो हुबेहूब वाजवणारे थोडेच आढळतात. कानाने शिकण्यासाठी यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

या सोलोच्या निवडीमागे आणखी एक कारण आहे. गाण्याची मूळ चाल फेल्डरने मालिबूच्या समुद्रकाठी भाड्याने घेतलेल्या घरात चार ट्रॅकच्या टेप रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केली होती. त्या कच्च्या मुद्रणात अखेरच्या दोन्ही गिटारी त्याने एकट्याने, आपली आणि वॉल्शची बाजू डोळ्यांसमोर ठेवून वाजवल्या होत्या. पुढे मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत दोघे अखेरच्या भागात नवे काही सुचेल तसे वाजवू लागले, तेव्हा बँडचा गायक व ढोलवादक डॉन हेन्लीने त्यांना थांबवले आणि त्या कच्च्या मुद्रणाच्या कॅसेटमध्ये आहे तसेच, स्वरन् स्वर हवे असा आग्रह धरला. फेल्डरने ती कॅसेट बऱ्याच काळात ऐकलेली नव्हती आणि ती मालिबूच्या घरीच राहिली होती. अखेर त्याने घरकाम पाहणाऱ्या बाईंना दूरध्वनी केला, त्यांनी कॅसेट शोधून ती रिसीव्हरसमोर वाजवली, आणि स्टुडिओत ते पुन्हा ध्वनिमुद्रित करून फेल्डरने आपलाच सोलो त्यावरून ऐकून बसवला. ही हकीकत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. म्हणजे आपण जे ध्वनिमुद्रण ऐकून शिकू पाहतो, ते मुळात ऐकून शिकलेलेच आहे, आणि तेही दूरध्वनीच्या तारेतून आलेल्या आवाजावरून.

‘ट्रान्सक्राइब!’ उघडून त्यात ध्वनिफाइल घातली की आवाजाचा आलेख आडवा पसरतो आणि त्याच्या खाली पियानोच्या पट्ट्या दिसतात. पडद्याची मांडणी जुन्या वळणाची आहे आणि पहिल्या भेटीत ती थोडी गर्दीची वाटते. पण पहिले काम कोणते हे कळले की बाकीचे सारे मार्गी लागते. ते पहिले काम म्हणजे खुणा घालणे. गाणे चालू असताना एस, एम आणि बी या तीन कळांनी अनुक्रमे विभाग, माप (या गाण्यात चार मात्रांचा गट) आणि मात्रा यांच्या खुणा आलेखावर पडतात. समेवर एम दाबत जायचे आणि एखादी खूण मागेपुढे झाली तर माउसने सरकवायची, इतके ते सोपे आहे. या गाण्याची लय मिनिटाला साधारण ७४ मात्रांची असून आठ मापांचे, म्हणजे बत्तीस मात्रांचे एक आवर्तन सुमारे २६ सेकंदांत पूर्ण होते. अखेरच्या भागात अशी जवळजवळ पाच आवर्तने येतात. खुणा पूर्ण झाल्या की एरवी अखंड वाहणारा सोलो आपल्यासमोर तुकड्यांनी उभा राहतो: पहिले आवर्तन फेल्डरचे, दुसरे वॉल्शचे, मग दोघांमधली लहान वाक्यांची देवाणघेवाण, आणि शेवटी दोन्ही गिटारींनी संवादी स्वरांत वाजवलेल्या कॉर्डच्या (एकत्र जुळणाऱ्या स्वरसमूहाच्या) स्वरांच्या एकामागून एक उतरत्या फेकी. सोलो ‘कुठे चालला आहे’ हे कळण्यासाठी हे तासाभराचे काम फार मोलाचे आहे, आणि माझ्या मते एकही स्वर गिटारवर शोधण्यापूर्वी ते पूर्ण करावे.

गती कमी करण्याची सोय हा अशा प्रत्येक साधनाचा गाभा असतो. लाँग प्लेच्या काळात रॉक गिटारवादक मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ फेऱ्यांवर लावत. गती निम्मी होई, पण त्याबरोबर सारे स्वर एक सप्तक खाली जात आणि गिटार ओळखू न येण्याइतकी जाड ऐकू येई. आताची सॉफ्टवेअर आवाजाचे अगदी छोटे, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करून ते लांबवर पसरतात आणि त्यामुळे स्वर जागचा न हलता गती कमी होते. ‘ट्रान्सक्राइब!’चा या बाबतीतला दर्जा उत्तम आहे. सत्तर टक्के गतीवर फेल्डरची गिटार जवळजवळ नैसर्गिक वाटते आणि पन्नास टक्क्यांवरही तार ओढण्याचा वेग, व्हायब्राटोची (स्वराच्या कंपाची) रुंदी आणि तार छेडणाऱ्या पिकचा पहिला आघात वेगवेगळे कळतात. त्याखाली मात्र आघात पसरू लागतात, ढोल व झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि कानाला मिळणारी माहिती वाढण्याऐवजी घटते. म्हणून निम्म्याच्या खाली जाण्याचा मोह टाळावा आणि त्याऐवजी निवडलेला तुकडा लहान करावा. एका मापाचा, गरज पडली तर दोन मात्रांचा तुकडा सतत फिरत ठेवून तो आधी तोंडाने गाता आला पाहिजे. गळ्यातून स्वर नीट निघाला की बोटांना त्याची जागा सापडायला फारसा वेळ लागत नाही.

आपल्याकडच्या पेटी किंवा गायन शिकलेल्या वाचकांना या सोलोकडे जाण्याची एक जवळची वाट आहे. गाणे बी मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज पांढरी सातवर. आठ मापांतल्या कॉर्डचे मूळ स्वर सरगमीत म्हणायचे तर सा, प, कोमल नी, म, कोमल ध, कोमल ग, पुन्हा म आणि पुन्हा प असा क्रम येतो. पायाभूत स्वर आसावरी थाटाचे, म्हणजे ग, ध आणि नी कोमल. पण दुसऱ्या मापातला एफ शार्प हा मेजर, म्हणजे आपल्या मूळ स्वरापासून शुद्ध गंधार असलेला कॉर्ड असल्याने (मायनरमध्ये तो गंधार कोमल असतो) तिथे नी शुद्ध होतो, लगेच तिसऱ्या मापात तो कोमल नी म्हणून परततो. चौथ्या मापातल्या ई मेजरमुळे ध शुद्ध होतो आणि पाचव्या मापात जी कॉर्ड येताच तो पुन्हा कोमल. सातव्या मापात मूळ स्वर चौथ्यासारखाच मध्यम असतो, परंतु तिथला कॉर्ड मायनर असल्याने ध कोमलच राहतो, आणि आठव्यात शुद्ध नी येऊन आवर्तनाला षड्जाकडे ढकलतो. या सोलोची सारी गोडी दोन ध आणि दोन नींच्या या येण्याजाण्यात आहे. रॉक गिटार शिकणाऱ्यांना पहिल्यांदा शिकवली जाणारी पाच स्वरांची मायनर पेंटाटोनिक, म्हणजे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी, एवढ्यावर हा सोलो वाजवू पाहणाऱ्याला काही जागी हमखास बेसूर वाटते, त्याचे कारण हेच. फेल्डर आणि वॉल्श प्रत्येक मापात त्या त्या कॉर्डच्या स्वरांवर विसावतात आणि म्हणून त्यांची वाक्ये मागची साथ काढून टाकली तरी कॉर्ड सांगत राहतात.

हे स्वर पडताळण्यासाठी ‘ट्रान्सक्राइब!’मधील पियानोच्या पट्ट्या अतिशय उपयोगी पडतात. तुकडा फिरत असताना पट्टीवर माउसने टिचकी दिली की तो स्वर ऐकू येतो, आणि आपण गळ्यात धरलेला स्वर शुद्ध नी आहे की कोमल, याचा निवाडा जागच्या जागी होतो. गिटार हातात घेऊन पडदे चाचपण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण गिटारवर बोट सवयीच्या जागी जाते आणि कान त्याच्या मागे जातो.

पट्ट्यांच्या वर निवडलेल्या तुकड्याचा वर्णपट, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती आहे याचा आलेख दिसतो आणि कोणते स्वर असावेत याचा अंदाज खुणांनी दाखवला जातो. नवा वापरणारा सर्वांत आधी याच्याकडे धाव घेतो आणि इथेच सर्वाधिक सावध राहायला हवे. गिटारच्या प्रत्येक स्वराबरोबर त्याचे उपस्वर वाजतात, आणि विद्युत गिटारला विकृतीचा (डिस्टॉर्शनचा) रंग दिला की ते आणखी ठळक होतात. सुमारे २४७ हर्ट्झचा बी वाजला तर वर्णपटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आणि पाचपट कंपनसंख्येवरही उंचवटे दिसतात. तिप्पट म्हणजे पंचम आणि पाचपट म्हणजे शुद्ध गंधार. तंबोरा जुळवताना ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. परिणामी बी मायनरच्या मापात, जिथे वादकाने कोमल गंधार वाजवला आहे, तिथे चित्रात शुद्ध गंधारही डोकावतो, आणि चित्रावर विसंबणारा कॉर्डच चुकीचा लिहून बसतो. शिवाय ओढलेल्या तारेचा स्वर एका जागी नसल्याने त्याचा उंचवटा दोन पट्ट्यांच्या मध्ये पसरट दिसतो. या चित्राचा योग्य उपयोग उलट क्रमाने आहे: आधी कानाने स्वर ठरवावा, मग तो चित्रात आहे का ते पाहावे. दोन स्वर एकदम वाजत असताना खालचा कोणता, याची शंका असेल तेव्हा त्याची मदत खरोखर होते. सॉफ्टवेअरने अंदाजाला अंदाजच म्हटले आहे, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

स्टीरिओच्या दोन बाजू वेगळ्या करण्याची सोय या गाण्यासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फक्त डावी बाजू, फक्त उजवी बाजू किंवा मधला आवाज वजा करून उरलेले, असे तीन प्रकारे ऐकता येते. शेवटच्या संवादी भागात दोन गिटारी एकमेकींत इतक्या मिसळतात की कान त्यांना एकच वाद्य समजतो आणि वरच्या ओळीचे दोन स्वर व खालच्या ओळीचा एक असे काहीतरी तिसरेच गुणगुणू लागतो. एका बाजूचा आवाज बंद केला की त्या दोघींचा समतोल बदलतो आणि एक ओळ धरून पुढे जाता येते. इथले स्वर तसे साधे आहेत: प्रत्येक मापात त्या कॉर्डचेच तीन स्वर उतरत्या क्रमाने येतात आणि दुसरी गिटार त्याच कॉर्डच्या शेजारच्या स्वरापासून तसेच उतरते. वरची दिलेली आठ मापांची सरगम पाठ असेल तर हा भाग आधी कागदावर मांडून मग कानाने तपासता येतो. वाजवताना खरी अडचण समानतेची आहे. सारे आघात एकाच वजनाचे पडले नाहीत तर झुळझुळ नाहीशी होते. फेल्डर आणि वॉल्श यांनाही हा अखेरचा भाग एकमेकांशी नेमका जुळवण्यासाठी स्टुडिओत सुमारे तीन दिवस लागले होते, हे लक्षात ठेवून घाई करू नये. इक्वलायझरने खालचे स्वर कमी करून बासचा भार हलका करण्याचीही सोय आहे आणि तिचा फायदा होतो, पण बाजू वेगळ्या करण्याइतका नाही.

काही गोष्टी कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही आणि त्या इथेही आपल्यालाच ठरवाव्या लागतात. गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणी असतो. पहिल्या तारेचा मोकळा ई हाच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावर मिळतो. पातळ तारेवरचा स्वर धारदार, जाड तारेवरचा गोल आणि थोडा मऊ असतो, आणि वादकाने कोणती जागा वापरली हे त्या पोतावरून आणि पुढचा स्वर किती सहज येतो यावरून ओळखावे लागते. स्वर खालून वर गेला तो तार ओढून, बोट सरकवून की दुसरे बोट आपटून, हाही भेद गती कमी करून ऐकावा. ओढलेल्या तारेत स्वर मींडेसारखा सलग चढतो, सरकवलेल्यात मधले पडदे पुसटसे जाणवतात. ‘ट्रान्सक्राइब!’ चित्रफितीही उघडते आणि त्याही संथ करून दाखवते. मार्च १९७७ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल सेंटर सभागृहात झालेल्या कार्यक्रमाचे चित्रण प्रसिद्ध आहे. त्यात दुहेरी मानेची गिटार घेतलेला फेल्डर आणि शेजारी वॉल्श हे दोघे हा सोलो वाजवताना दिसतात, आणि बोटे कोणत्या भागात आहेत याचा पुरावा त्यातून मिळतो. तो पुरावा कानाने काम संपवल्यानंतरच पाहावा, अशी माझी शिफारस आहे. ईगल्सच्या १९९४ च्या पुनर्मीलनातली अकूस्टिक (विद्युत नसलेल्या गिटारींची) आवृत्तीही आपल्याकडे खूप ऐकली जाते आणि ती सुंदर आहे, पण तिची मांडणी वेगळी असल्याने १९७६ चा सोलो शिकताना ती बाजूला ठेवावी.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. परवान्याची किंमत सुमारे ४० डॉलरच्या घरात असून ती एकदाच भरायची असते. दरमहा वर्गणीच्या काळात ही गोष्ट मला विशेष आवडते. तीस दिवस ते विनामूल्य वापरून पाहता येते. मोबाइलसाठी मात्र ते उपलब्ध नाही, आणि ज्यांचे संगीत फक्त वर्गणीच्या ॲपमध्ये आहे त्यांना तिथली गाणी थेट यात उघडता येत नाहीत. विकत घेतलेली फाइल किंवा स्वतःच्या सीडीवरून उतरवलेले गाणे हाताशी असावे लागते. ज्यांच्याकडे संगणकच नाही, त्यांनी रोनी म्युझिकचे ‘अमेझिंग स्लो डाउनर’ पाहावे. गती कमी करणे आणि तुकडा फिरवणे ही दोन मुख्य कामे ते मोबाइलवर चांगली करते, पण खुणा, वर्णपट आणि चित्रफीत यांची एकत्र सोय त्यात नाही. ‘मोइझेस’सारखी गाण्यातून गायन, ढोल, बास अशी वाद्ये वेगळी काढणारी साधने आज लोकप्रिय आहेत आणि गर्दीच्या ध्वनिमुद्रणात ती उपयोगी ठरतात. तरीही या सोलोसाठी मला त्यांची गरज वाटत नाही, कारण बासचा मूळ स्वर कानावर असेल तरच वरचा स्वर शुद्ध नी म्हणून ओळखू येतो. साथ काढून टाकली की तो आधारच जातो.

तयार टॅब (कोणत्या तारेवर कोणता पडदा दाबायचा हे आकड्यांनी दाखवणारे लेखन) छापून घेणाऱ्याला हे सॉफ्टवेअर संथ वाटेल, आणि ज्याला येत्या रविवारच्या कार्यक्रमात सोलो वाजवायचा आहे त्याने टॅबच घ्यावा. गिटारवर कॉर्ड बदलणे अजून जमत नसलेल्यानेही थोडे थांबावे. तार ओढून स्वर अचूक लावता येणे ही या कामाची किमान पूर्वतयारी आहे. पण दोन-तीन वर्षे वाजवत असलेल्या, टॅबशिवाय काही सुचत नाही अशी खंत असलेल्या वादकाला मी ‘ट्रान्सक्राइब!’ निःशंकपणे सुचवेन. त्याने विनामूल्य मुदत सुरू करताच फक्त फेल्डरच्या पहिल्या आवर्तनाला खुणा घालाव्यात, गती सत्तर टक्क्यांवर ठेवावी, आणि दुसऱ्या मापातला शुद्ध नी गळ्यातून निघेपर्यंत गिटारला हात लावू नये. तीस दिवसांत ते एक आवर्तन मूळ गतीला ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवता आले, तर पुढच्या चार आवर्तनांसाठी परवान्याचे पैसे जरूर भरावेत.